भिडूच्या बोलीवर भरवसा

दिवाळीच्या दिवसांत घरोघर पत्त्यांचे जोड बाहेर निघतात. फराळाच्या बशा बाजूला सरतात, चौघे बसतात, पाने वाटली जातात आणि तासाभरात कोठल्या तरी घरातून तो ओळखीचा स्वर कानी येतो, "अहो, पण तुम्ही चार म्हणालातच कशाला?" या सदराच्या नेहमीच्या वाचकांना सांगायला नकोच की, ब्रिजच्या टेबलावरची भांडणे खेळीवरून क्वचित होतात, होतात ती बोलीवरून. खेळताना राणी वाया गेली तर माणूस स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतो. बोली बुडाली की मात्र तो समोर पाहतो. आणि समोर बसलेला असतो भिडू. म्हणजे बहुधा बायको, नवरा, मेहुणा, नाही तर सासरा.

एरवी या सदरात आपण उतारी कोणती करावी, हुकूम केव्हा ओढावेत असल्या गोष्टी बोलतो. दिवाळी अंक घरातली सगळी मंडळी वाचतात, म्हणून या खेपेला पाने थोडी आणि माणसे जास्त असा विषय घेतला आहे. बोली लावताना भिडूवर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

ज्यांची मजल मेंढीकोटापुढे गेलेली नाही त्यांच्यासाठी आधी चार शब्द. ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाला तेरा पाने. चौघांच्या एकेक पानाची फेरी म्हणजे एक हात. असे तेरा हात. खेळ सुरू होण्यापूर्वी लिलावासारखी बोली होते. 'दोन इस्पिक' म्हणणारा सांगतो की, इस्पिक हुकूम धरून आम्ही दोघे मिळून सहा अधिक दोन, म्हणजे आठ हात करू. पण बोलीचे खरे काम एवढेच नाही. आपल्या हातात काय आहे हे भिडूला कळवण्याचा तोच एक सरळ मार्ग आहे. आणि त्यासाठी शब्द किती? एक ते सात हे आकडे, चार रंग आणि बिनहुकमी ही पाच नावे, शिवाय पास, डबल आणि रीडबल. पंधरा शब्द! उलट एका माणसाच्या हातात येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार होतात ६,३५,०१,३५,५९,६००. साडेत्रेसष्ट हजार कोटी तऱ्हा आणि पंधरा शब्द. तान्हे मूल याहून थोड्या शब्दांत घर चालवते हे खरे, पण त्याची आई त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवते.

हा विश्वास उडाला म्हणजे काय होते, याची जगातली सर्वांत कुप्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतील कॅन्सस सिटी गावची. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या धनिकाने १९२५ साली बोटीच्या प्रवासात आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसवली आणि चारच वर्षांत त्या खेळाने अमेरिकेतली घरे व्यापली. २९ सप्टेंबर १९२९ च्या रविवारी रात्री जॉन आणि मर्टल बेनेट हे जोडपे शेजारच्या हॉफमन पतिपत्नींबरोबर खेळत होते. जॉनने 'एक इस्पिक' म्हटले. हॉफमनने 'दोन चौकट' म्हटले. मर्टलने एकदम 'चार इस्पिक' म्हणून गेमच गाठला. जॉन खेळला आणि बोली बुडाली. तू एवढ्यावर बोलायला नको होतेस, तुम्हाला नीट खेळता येत नाही, अशी बोलाचाली झाली. जॉनने पाहुण्यांदेखत तिला थपडा मारल्या. आता आपण घर सोडून जातो म्हणून तो सामान भरू लागला. मर्टल आईच्या खोलीत गेली, पिस्तूल घेऊन आली आणि तिने नवऱ्याला गोळ्या घातल्या. मार्च १९३१ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडले.

त्या डावाची पाने म्हणून पुढे एक वाटणी छापली गेली, तिच्यावर फार विसंबू नये. ती मागाहून कोणी तरी रचलेली असावी, असेच जाणकार मानतात. तेव्हा जॉनची पहिली बोली हलकी होती की मर्टलची उडी मोठी होती, याचा निवाडा आता होणे नाही. आणि खरे सांगायचे तर रक्त सांडल्यावर तो निवाडा करण्यात अर्थही नाही. पण बोलाचालीचा नमुना मात्र ओळखीचा वाटतो. पिस्तूल सोडले तर बाकीचा प्रवेश आपल्याकडेही होतो.

आता घरात हा अविश्वास कसा शिरतो ते पाहा. तो एकदम येत नाही. समजा, भाऊसाहेब एकदा बारा गुणांऐवजी दहावर बोली उघडतात आणि डाव बुडतो. वहिनी मनात नोंद करतात की, 'यांच्या बोलीतून दोन वजा धरायचे.' पुढच्या डावात भाऊसाहेबांकडे खरोखर चौदा असतात. वहिनी दोन वजा करून पास म्हणतात आणि हातचा गेम जातो. आता भाऊसाहेब नोंद करतात की, 'हिला सांगताना दोन वाढवून सांगायचे.' वहिनींच्या ते ध्यानात येते आणि त्या चार वजा करू लागतात. बोहारणीशी जुन्या कपड्यांवरून घासाघीस चालते ना, तशातली गत. ती एक पातेले दाखवते, आपण दोन मागतो. तिला ठाऊक असते की आपण दोन मागणार, म्हणून ती आधी चमचाच दाखवते. दारात ही गंमत आहे. पण भिडूशी घासाघीस सुरू झाली की पंधरा शब्दांपैकी एकाचाही अर्थ शाबूत राहत नाही. भरवसा हा भिडूवर केलेला उपकार नव्हे. तो नसेल तर बोलीला भाषाच उरत नाही, नुसता आवाज उरतो.

म्हणून पहिला नियम असा की, भिडूने जे म्हटले तेच त्याच्या हातात आहे असे धरून आपली बोली लावायची, वजाबाकी करायची नाही. त्याने खोटे सांगितले असेल तर डाव त्याच्यामुळे बुडेल. बुडू द्या. असा एखादा डाव बुडाला की तो आपली बोली सुधारतो. आपण वजाबाकी करीत राहिलो तर त्याला सुधारण्याचे कारणच राहत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती चांगल्या चांगल्या खेळाडूंनाही जड जाते. आपली पाने एकदा सांगून झाल्यावर गप्प बसणे! येथे थोडे गुणांकडे वळू. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १, असे जोडात ४० गुण. चार्ल्स गोरेन यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकापासून ही मोजणी घराघरांत पोहोचवली. दोघांचे मिळून साधारण २६ झाले की गेम आणि ३३ झाले की छोटा स्लॅम, म्हणजे बारा हात, हे अंदाज बहुतेकांना पाठ असतात. 'एक बिनहुकमी' ही पहिली बोली आजकाल पुष्कळ ठिकाणी १५ ते १७ गुणांची मानतात. आता ही पाने पाहा.

दक्षिणेकडे: इस्पिक राजा, राणी, पंजी, बदाम एक्का, राजा, सत्ती, चौकट राजा, दश्शी, अठ्ठी, चव्वी, किलवर राणी, नव्वी, तिर्री. पुरते १७ गुण. दक्षिण म्हणतो 'एक बिनहुकमी'.

उत्तरेकडे: इस्पिक गुलाम, नव्वी, अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री, बदाम पंजी, चौकट नव्वी, सत्ती, तिर्री, किलवर दश्शी, छक्की, चव्वी. गुण एक. उत्तर म्हणतो 'दोन इस्पिक'. जुन्या वळणाच्या घरांत याचा अर्थ, 'भिडू, माझ्याकडे इस्पिक लांब आहेत, बाकी काही नाही, येथेच थांबू या.' नव्या पद्धतीचे लोक 'दोन बदाम' म्हणून भिडूकडूनच 'दोन इस्पिक' वदवून घेतात आणि मग पास म्हणतात. अर्थ तोच. (ही युक्ती अमेरिकेत रुजवणाऱ्या गृहस्थांची गाठ पुढे पडेल.)

आता दक्षिणेची जीभ वळवळू लागते. 'माझ्याकडे पंधरा नव्हे, पुरते सतरा आहेत. त्यात इस्पिकचे राजा-राणी! त्याला काय ठाऊक?' आणि तो म्हणतो 'तीन इस्पिक', नाही तर सरळ 'चार'. हिशेब करून पाहा. हुकमाचे पाच हात, बदामाचे दोन आणि चौकटचा एक्का सोयीच्या जागी असला तर राजाचा एक, झाले आठ. दोन इस्पिक कसेबसे होतात, तीन बहुधा बुडतात, चारची तर गोष्टच नको.

दक्षिणेचे चुकले कोठे? सतरा गुण त्याने पहिल्याच बोलीत सांगून टाकले होते. तेच सतरा त्याने पुन्हा सांगितले. एकच नाणे दोन दुकानांत चालवण्यासारखे हे झाले. नीट पाहिले तर दक्षिणेला फक्त स्वतःची तेरा पाने ठाऊक आहेत. उत्तरेला स्वतःची तेरा ठाऊक आहेत आणि दक्षिणेचे दोन गुणांच्या फरकाने उभे केलेले चित्रही ठाऊक आहे. मग थांबायचे कोठे हे कोणी ठरवावे? ज्याला जास्त दिसते त्याने. त्याचे वय, मान, घरातले स्थान यांचा येथे काही संबंध नाही. सासऱ्यांनी बिनहुकमी म्हटले आणि सुनेने दोन इस्पिक म्हटले तर त्या डावापुरती सून कर्ती. आमच्या पाहण्यात तरी वडीलधाऱ्यांना हे पटायला काही वर्षे लागतात.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण. भिडूने 'एक चौकट' म्हणून बोली उघडली. तुमच्याकडे: इस्पिक एक्का, राजा, राणी, अठ्ठी, पंजी, बदाम एक्का, चव्वी, चौकट राजा, छक्की, दुर्री, किलवर एक्का, गुलाम, तिर्री. एकवीस गुण! अशी पाने हाती आली की माणसाला खुर्चीवर बसवत नाही. तो एकदम चार इस्पिक, पाच इस्पिक असे काही तरी ओरडतो, आणि भिडूला बिचाऱ्याला काही सांगायला जागाच उरत नाही.

शांतपणे 'एक इस्पिक' म्हणा. होय, एकच. कारण ज्याने बोली उघडली त्याने, भिडूने नवा रंग सांगितल्यावर, पास म्हणायचे नसते, हा बहुतेक सगळ्या पद्धतींतला ठराव आहे. येथे भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो. एकवीस गुण हातात धरून एकाची बोली लावायची आणि भिडू ती तिथेच सोडणार नाही यावर विसंबायचे, याला धैर्य लागते. समोरच्याकडे इस्पिक सत्ती, दुर्री. बदाम राजा, गुलाम, छक्की. चौकट एक्का, राणी, गुलाम, अठ्ठी, पंजी. किलवर राणी, सत्ती, चव्वी. असे तेरा गुण आहेत. 'भिडूकडे बहुधा सहा-सात असतील, कशाला वाढवा,' असे त्याला वाटू शकते. पण तो ठराव पाळून 'एक बिनहुकमी' म्हणतो. या जागी त्याचा अर्थ १२ ते १४. संपले! तुमचे २१ आणि त्याचे किमान १२ मिळून ३३. तुम्ही 'सहा बिनहुकमी' म्हणता. अकरा हात तर मोजून हातात आहेत, बाराव्यासाठी इस्पिक, बदाम आणि किलवर या तिन्ही रंगांत संधी आहे. दोन लहान बोल्या आणि एक मोठी. मधे कोणी कोणावर संशय घेतला असता तर हा स्लॅम एका इस्पिकात झोपी गेला असता.

येथे कोणी विचारील की, ठराव, ठराव म्हणता, पण तो केला कोणी? प्रश्न रास्त आहे, आणि सुटीत जमणाऱ्या गोतावळ्यात तर फारच रास्त. भरवसा म्हणजे अंदाज नव्हे. डबलचेच घ्या. पूर्वी भिडूने 'एक बदाम' म्हटले, मधल्या गड्याने 'दोन किलवर' म्हटले आणि आपण 'डबल' म्हटले, तर अर्थ एकच होता: 'याचे किलवर बुडवतो, भिडू, तू गप्प बस.' १९५७ साली अमेरिकेत अल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन या जोडीने या डबलचा अर्थच फिरवला: 'माझ्याकडे किलवर नाहीत, पण न सांगितलेले रंग आहेत, भिडू, तू बोल.' त्याच वर्षी रशियाने पहिला उपग्रह सोडला होता, म्हणून या डबलला 'स्पुटनिक' नाव पडले. आज स्पर्धांतले बहुतेक खेळाडू हाच अर्थ घेतात. घरात मात्र आजोबांचे डबल जुने आणि कॉलेजात खेळ शिकलेल्या नातवाचे डबल नवे. नातू इस्पिक दाखवायला डबल म्हणतो, आजोबा भरवशाने पास म्हणतात, आणि समोरचे दोघे दोन किलवर डबल आरामात करून चकली उचलतात. दोघांनीही एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवला होता! तेव्हा पाने वाटण्यापूर्वी पाच मिनिटे घालवून ठरवून घ्यावे: बिनहुकमी किती गुणांची, पहिली बोली किती रंगाची, 'दोन' ची बोली बळकट की कमजोर, आणि डबल आजोबांचे की नातवाचे. लग्नाच्या याद्या करताना जेवढे तपशील पाहतो त्याच्या शतांशाने हे काम होते.

अर्थात ठराव असूनही माणसे तो मोडतात, आणि कधी कधी मुद्दाम मोडतात. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक सामना सुरू झाला. वर्तमानपत्रांनी त्याला शतकातली लढाई म्हटले. एका बाजूला इलाय कल्बर्टसन आणि त्याची पत्नी जोसेफिन, दुसऱ्या बाजूला सिडनी लेंझ आणि तरुण ऑस्वल्ड जेकोबी. १५० रबरांचा सामना. कोणाची बोलीची पद्धत श्रेष्ठ ते यात ठरायचे होते. सुरुवातीला लेंझ पुढे होता. पण जेकोबीला हूल देणाऱ्या बोल्यांचा नाद होता: हातात नसलेला रंग सांगून समोरच्यांना चकवायचे. हुलीची अडचण अशी की, ती टेबलावरच्या तिघांनाही ऐकू येते आणि त्या तिघांत भिडूही असतो. लेंझ वैतागू लागला, चारचौघांत भिडूच्या चुका काढू लागला, आणि सामना अर्ध्याच्या पुढे गेल्यावर जेकोबी उठून चालता झाला. त्याच्या जागी विनफिल्ड लिगेट आला. शेवटी कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी जिंकली.

जेकोबीला मूर्ख समजू नये. तो फार मोठा खेळाडू होता. वर सांगितलेली, भिडूकडून आपला रंग वदवून घेण्याची युक्ती अमेरिकेत रुजवणारे गृहस्थ ते हेच, आणि १९८३ साली, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांनी तेथील एक मोठी राष्ट्रीय सांघिक स्पर्धा जिंकली. लेंझही कसलेलाच होता. पत्त्यांचे ज्ञान पाहिले तर ही जोडी कल्बर्टसन दांपत्याला भारी म्हणावी लागेल. पण जोसेफिनबाईंची बोली सरळ असे आणि नवऱ्याला तिचा अर्थ लावत बसावे लागत नसे. सामन्याची निम्म्याहून अधिक रबरे ती दोघे एकत्र खेळली. नवरा-बायकोने भिडू होऊ नये असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. त्या दोघांनी १९३८ साली घटस्फोट घेतला हे मात्र कोणी विचारल्यासच सांगतो.

दुसरा एक प्रकार आपल्या घरांत सर्रास चालतो आणि त्याला भरवसा समजले जाते. भिडूच्या बोलीवर नव्हे, तोंडावर विश्वास ठेवणे. 'एक इस्पिक' ठणकावून म्हटले की पाने चांगली, पुटपुटत म्हटले की हलकी. पास म्हणण्यापूर्वी सुस्कारा सोडला की 'माझ्याकडे काही तरी होते बरं का'. हे नियमाला धरून नाही, आणि खेळाची सगळी मजा यात जाते. मोठ्या स्पर्धांत आता तोंडाने बोली लावतच नाहीत, बोलीची छापील पाने पुढे ठेवतात. १९७५ च्या बर्म्यूडा बोल या जागतिक स्पर्धेपासून तर टेबलावर आडवा पडदा लावू लागले, म्हणजे भिडूचे तोंडच दिसू नये. त्याच स्पर्धेत एका जोडीतील खेळाडूचे पाय टेबलाखाली भिडूच्या पायाकडे जातात अशी तक्रार झाली, त्या जोडीला कडक समज मिळाली, आणि मग टेबलांखाली लहान कॉफी-टेबले सरकवून पायांचीही वाट अडवण्यात आली. आपल्याकडे पाटावर बसून खेळणाऱ्यांना निदान ही सोय करावी लागत नाही.

तोंडही दिसत नाही, आवाजही नाही, उरते फक्त बोली. तरीही या खेळात जोड्या वर्षानुवर्षे टिकतात. इटलीच्या 'ब्लू टीम'ने १९५७ ते १९६९ या काळात ही जागतिक स्पर्धा लागोपाठ दहा वेळा जिंकली. गंमत अशी की, सुरुवातीच्या काळात या एकाच संघातल्या जोड्या वेगवेगळ्या पद्धतीने बोली लावत. कोणी नेपल्सची पद्धत वापरी, कोणी रोमची. कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद ते जिंकत असताना इतर लोक घालत बसले. आपल्याकडे २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत कोलकात्याच्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक आणले, तेव्हा एकाचे वय ६० आणि दुसऱ्याचे ५६ होते आणि ते सुमारे वीस वर्षे एकत्र खेळत होते.

एक शंका उरते. कधी कधी पत्तेच सांगतात की, कोणी तरी थाप मारतो आहे. भिडूने बोली उघडली, उजवीकडच्याने मधे बोली घातली, डावीकडच्याने त्याला जोर दिला, आणि तुमच्या हातात चौदा गुण. बेरीज चाळिसाच्या बाहेर जाते. अशा वेळी नव्वद टक्के माणसे मनात म्हणतात, 'भिडूकडेच काही नसणार.' का बरे? समोरच्या दोघांना तुम्हाला फसवण्यात फायदा आहे, भिडूला नाही. चौघांत एक खोटारडा शोधायचा तर त्या दोघांत आधी शोधावा. आणि शोधाअंती तो भिडूच निघाला, तर डाव संपेपर्यंत, किंबहुना दुसऱ्या दिवशीचा चहा होईपर्यंत, त्या विषयावर बोलू नये. तोवर सगळ्यांना नेमकी पाने आठवेनाशी होतात आणि बरेच प्रश्न सुटतात.

सुटीत सोडवायला एक डाव देऊन थांबतो. १९३३ साली ईझली ब्लॅकवुड यांनी काढलेली 'चार बिनहुकमी' ही बोली आता जगभर चालते. तिचा अर्थ, 'भिडू, एक्के किती?' 'पाच किलवर' म्हणजे एकही नाही, 'पाच चौकट' म्हणजे एक, 'पाच बदाम' म्हणजे दोन, अशी उत्तरे. (नव्या सुधारणा येथे बाजूला ठेवू.) तुमच्याकडे: इस्पिक राजा, राणी, गुलाम, अठ्ठी, पंजी, बदाम राजा, राणी, चव्वी, चौकट एक्का, छक्की, किलवर राजा, राणी, सत्ती. वीस गुण. तुम्ही 'एक इस्पिक' म्हटले. भिडू तडक 'चार बिनहुकमी'. तुम्ही 'पाच चौकट'. भिडू 'पाच इस्पिक'. आता तुम्ही काय म्हणाल? आपण एकाची बोली लावली, भिडूला वाटले असेल तेरा-चौदा, आणि आहेत वीस!

उत्तर: पास. भिडूने गुण विचारलेच नव्हते, एक्के विचारले होते. त्याच्याकडे इस्पिक एक्का, दश्शी, सत्ती, चव्वी, बदाम तिर्री, चौकट राजा, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, पंजी, किलवर गुलाम, दुर्री. अकरा हात होतात, आणि नेमके अकराच. बदामाचा एक्का आणि किलवरचा एक्का समोरच्यांकडे आहेत.